अर्ध्या लिंबाएवढा डाग

दाताच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून पॉलिशवाला नंबराची वाट बघत होता. त्याचा सगळा जन्म फरश्या आणि ओटे घासण्यात गेलेला. शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या आणि विषय निघाला होता थोरलीच्या जावेच्या नव्या स्वयंपाकघराचा, म्हणून त्याचे कान टवकारले.

"ओट्याला पांढरा संगमरवर! ओटा आहे की पुतळ्याचा चौथरा?"

"दिसतो छान पण, ताई."

"दिसायला काय जातंय? लिंबाचा रस सांडला की दगडाची चकाकीच जाते. कितीही पुसा."

"तुला कुणी सांगितलं?"

"दगडाच्या दुकानात."

"तू कशाला गेली होतीस?"

"सहज, भाव काढायला. तुझे भावजी म्हणाले, आपला काळा ओटा अजून वीस वर्षं हलत नाही."

"हं. मग, तिच्या ओट्यावर पडला का डाग?"

"पडला ना! बरोब्बर मधोमध. गोल, अर्ध्या लिंबाएवढा."

"अगं बाई! कसा काय?"

"परवा सगळे गच्चीत बसलेले. सरबत करायला मीच उठले. लिंबू चिरलं, एक फोड उपडी राहिली ओट्यावर."

"विसरलीस होय?"

"बर्फ न्यायला दोनदा आत गेले होते की मी."

धाकटीनं कपाळाला हात लावला. पॉलिशवाल्याला मात्र राहवेना.

"ताई, जातो तो डाग. तासाभराचं काम."

थोरलीनं वळून त्याच्याकडे नीट पाहिलं.

"आणि पुन्हा पडला तर?"