गिरणीवरचा वारा

सेवकराम: एक पान तरी हालते का, सांग बाई! अन् तुहा मोबाइल म्हणते तुफान आहे.

रीना: तुफान नाही म्हणत काकाजी. लाल दाखवते. लाल म्हणजे उडवाचं नाही.

सेवकराम: माह्यासाठी एकच झालं.

(दिघोरीच्या शिवारात, सेवकराम काकाजींच्या शेताच्या कडेचा धुरा. समोरच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, पोटरीवर आलेला हलका धान, धानावर तुडतुडे, आणि धुऱ्यावर औषध भरून तयार बसलेलं ड्रोन. रीना गावातली पहिली ड्रोन पायलट. परवाना कोरा करकरीत, फवारणी आजची पहिलीच. उड्डाण आखून देणारं अ‍ॅप तिच्या धाकट्या भावानं, जीवननं लिहिलं आहे, आणि तो लॅपटॉप मांडीवर घेऊन शेजारीच बसलाय, तोंड एवढंसं करून. पलीकडे अर्धं गाव जमलंय. फुकटचा तमाशा कोण सोडतो?)

सेवकराम: जीवन गा, मले नीट समजावून सांग. तुहं अ‍ॅप वारा पाहते कोठून?

जीवन: दोन ठिकाणांहून, काकाजी. एक तर हवामानाचा अंदाज, तो नेटवरून येतो. पण तो अख्ख्या तालुक्याचा एकच. दिघोरीत काय चालू आहे, त्याले काय माहीत? म्हणून दुसरं, आपण गावात बसवलेलं वारा मोजायचं यंत्र. दोघांपैकी ज्याचा वारा जास्त, तो अ‍ॅप खरा धरते. औषध उडून भलत्याच्या अंगावर जायले नको ना.

सेवकराम: मंग अंदाज काय म्हणते?

जीवन: सगळं शांत.

सेवकराम: अन् यंत्र?

रीना: त्याचंच तं लाल आहे.

सेवकराम: असं कसं? यंत्र माह्याच धानाच्या गिरणीच्या टिनावर आहे. गावात तेवढी उंच जागा दुसरी नाही. पोळ्याच्या दिवशी, बैल धुवाचे सोडून, मी सीडी धरून उभा होतो!

जीवन: तेव्हापासून कालपर्यंत बरोबर दाखवून राहिलं होतं. आज सकाळीच बिघडलं.

सेवकराम: हे पाय बाई, राग मानू नको. तुडतुडे काही तुह्या मोबाइलची वाट पाहत नाही. दुपारवरी नाही झालं तं मी लाखांदूरचा फवारणीचा पंपवाला बोलावतो. मी बोलावला का पलीकडे उभा तो धनीराम बोलावीन, देवाजी बोलावीन. मंग मले दोष देजो नको.

रीना: नाही देत काकाजी. थोडं थांबा फक्त.

जीवन: ताई, इकडे ये. हळू बोल. यंत्राचा आकडा मी बंद करून टाकतो. अ‍ॅप मग नुसता अंदाज पाहीन. आत्ता हिरवं होते.

रीना: नाही.

जीवन: अगं, वारा खरंच नाही आहे!

रीना: मले बी दिसते. पण पहिल्याच दिवशी लाल पुसून उडवलं, तं खरा वारा येईन तेव्हा बी पुसीन. ते पाय, जनाबाई बाजूच्या बांधीत गवत कापून राहिली. तिच्या डोळ्यात औषध गेलं तं? यंत्र खोटं बोलत असन तं काहून बोलते, ते शोध.

जीवन: सगळा कोड पुन्हा पाहिला. चूक सापडूनच नाही राहिली.

रीना: मले भीती वाटून राहिली रे. ट्रेनिंगले गेली तेव्हा सारे हसले होते. आज नाही उडालं तं आता हसणार नाही, कीव करतीन. ते जास्त लागते.

जीवन: ताई! हिरवं!

रीना: तू बंद केलं?

जीवन: आईशप्पथ, हात नाही लावला.

सेवकराम: हिरवं ना? मंग उडव लवकर!

रीना: थांबा काकाजी. आता मध्येच काय बदललं?

सेवकराम: काही नाही. लाइन गेली वाटते. गिरणीचा आवाज बंद झाला.

रीना: गिरणीचा भुसा कोठून बाहेर पडते, काकाजी?

सेवकराम: वरच्या पाइपातून. आत मोठा पंखा आहे ना, तो फेकते. टिनाच्या वर.

जीवन: आणि यंत्र आपण लावलं...

सेवकराम: पाइपाच्या बाजूलेच. पक्का खांब तिथंच होता!

रीना: पोळ्याच्या दिवशी.

सेवकराम: अन् पोळ्यापासून कालवरी गिरणी बंद, पट्टा तुटला होता! आज सकाळी माह्या गड्यानं, टेकचंदनं, चालू केली. हात् तिच्या मायले! म्हणजे माहाच पंखा अन् मलेच तुफान!

जीवन: हसू नका काकाजी, लाइन आली. पुन्हा लाल.

रीना: यंत्र तलावाच्या पाळीवर न्यावं लागन. पण तिथं खांब गाडाचा म्हणजे चार दिवस गेले. अन् आज...

सेवकराम: थांब. फोन लावतो. हॅलो, टेकचंद? गिरणी बंद कर. हो, आत्ताच. गिऱ्हाईक बसले आहेत? बसू दे. सांग त्यायले, रीनाबाई विमान उडवून राहिली.

रीना: ड्रोन, काकाजी.

सेवकराम: चालती गिरणी बंद केली मी. विमानच म्हणीन.

जीवन: हिरवं झालं, ताई.

रीना: काकाजी, जनाबाईले आवाज द्या, दूर जा म्हणा. तुम्ही बी मागं सरका. जीवन, तू वाऱ्यावरून नजर काढू नको.

सेवकराम: ओ जनाबाई, सरक वो तिकडं! ... उठलं, उठलं! बाप्पा, काय सरळ चाललं! धानाची मान बी मोडली नाही!

रीना: बोलू नका काकाजी. वळवून राहिली मी.

सेवकराम: नाही बोलत.

जीवन: ताई, वारा ठीक. अजून ठीक.

रीना: उतरलं. झाली तुमची बांधी, काकाजी.

सेवकराम: इतक्यात? ते पाय, धनीराम हात करून राहिला. आपल्या बांधीत कधी येशीन, विचारते. देवाजी बी त्याच्या मागं उभा आहे.

रीना: सांगा, उद्या सकाळी. पण खांब होतवरी यंत्र तुमच्या गिरणीवरच राहीन, काकाजी. गिरणी चालली का लाल.

सेवकराम: मंग कधी बंद ठेवाची, तेवढं आदल्या दिवशी सांगत जाय.