लेफ्ट घ्या, म्हणलो मी

...न्हाई, हसा तुमी, पन आधी मला सांगा, लेफ्ट म्हंजे डावं हे या भीमराजला येत न्हाई का? पाचवीपासून येतं! तरी माझ्या पल्लवीला बघायला कळमनुरीहून आलेले पाव्हणे माझ्यापायी मसणवट्यात जाऊन बसले... काय तोंड दाखवू मी?

तुमाला सांगतो, पाव्हण्यायच्या गाडीवाल्याचा फोन आला फाट्यावरून. म्हणतो, "मामा, शाळेच्या चौकातून उगवतीला वळू का मावळतीला?" कसं सरळ विचारलं बिचाऱ्यानं! आपल्याकडं जेवायच्या पंगतीतबी "जरा उगवतीला सरक" म्हणतात. पन मला वाटलं, पोरगी बीएस्सी झालेली, पोरगा बँकेत, अन् बाप उगवत-मावळत करून राहिला? पल्लवी म्हणली, "बाबा, द्या, मी सांगते." म्हणलं, तू गप बस. अन् आवाज जड करून सांगितलं, "लेफ्ट घ्या. डायरेक लेफ्ट."

आता घर लेफ्टलाच हाय हो माझं! रोज गावातून फाट्याकडं निघालो की चौकात लेफ्टलाच लागतं, पन्नास वर्सं झाली. पन पाव्हणे फाट्याकडून गावात आले, त्यायचं लेफ्ट निघालं मसणवट्याकडं! उगवत कशी, कुनीकडूनबी या, उगवतच राहते. मग हे लेफ्ट काहून ज्याचं त्याचं वेगळं?

तासभर वाट पाहिली, पोहे पार गार झाले, मग शेजारचा ग्यानोबा धापा टाकत आला. "अरे भीमराज, तुझे पाव्हणे मसणवट्याच्या शेडात बसले, नवे कपडे घालून. पोराची माय मला इचारती, 'भाऊ, मयत कोनाची हाय?'" काय तोंड दाखवू मी, सांगा!

हात जोडत जोडत घरी आणलं त्यायला. पल्लवी बोलली त्यायच्यासंगं, नीट, शांत. पोराचा बाप म्हणला, "पोरगी पसंत हाय." माझ्या डोळ्यात पानीच आलं. तर म्हणतो कसा, "फक्त लग्न आमच्या दारात करू. एवढं वऱ्हाड इकडं आणायचं म्हंजे... भ्या वाटतं."

आपल्यात लग्न पोरीच्या दारात होतं. माझी बायको पंचफुला माझ्याकडं बघूनच राहिली. म्हणलं, व्हय, बराबर हाय तुमचं.

मग त्यायनी त्यायच्या घरचा रस्ता समजावून दिला. मला न्हाई, पल्लवीला. अन् गाडीत बसताना पोराचा बाप हळूच तिला म्हणला, "लग्नाला येताना बाबाला मागच्या गाडीत बसव, बाई."

बसतो बापा. मागच्या गाडीत बसतो.