अठ्ठेचाळीस आकडे कुणाकडे ठेवायचे?

तुम्ही हसाल, पण मध्यंतरी लॅपटॉपने मला विचारलं, तुझं असं इथे आहे कोण?

हे गेल्यापासून त्यांचे सगळे फोटो त्यातच आहेत. म्हणून मानपाड्याच्या दुकानात अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करून घ्यायला गेलेले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, आता चोराने डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली, तरी त्याला काही दिसणार नाही."

"आणि मीच पासवर्ड विसरले तर?"

"मग लॅपटॉपच्या लेखी तुम्हीपण चोरच."

त्यासाठी त्याने अठ्ठेचाळीस आकड्यांची रिकव्हरी की, म्हणजे जादा चावीच, कागदावर छापून दिली. "घरात ठेवू नका. विश्वासातल्या माणसाकडे द्या."

सांगायला काय जातंय! मुलगा परदेशात. कोपरीच्या चाळीत घराची चावी बिनधास्त शेजारी ठेवायचो. इथे टॉवरमध्ये सहा वर्षं झाली, समोरच्या दारावर 'कदम' लिहिलंय, एवढंच ठाऊक. आठवडाभर कागद पाकिटात घालून पर्समध्ये घेऊन फिरले. शेवटी चिडून समोरची बेल दाबली.

सत्तरीच्या बाई होत्या. साखळी न काढताच फटीतून बघत होत्या.

"लॅपटॉपची चावी आहे. ठेवाल का?"

त्यांनी पाकीट घेतलं आणि दार लावलं. म्हटलं, झालं, आता सोसायटीभर होणार, समोरची येडी आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच माझी बेल दाबली. हातात खरीखुरी चावी, सुतळीत ओवलेली.

"ही माझ्या घराची. तुमच्याकडे असू दे, ताई."

"बाहेरगावी चाललात?"

"नाही हो. कधी दुपार झाली तरी दुधाची पिशवी दारालाच लटकलेली दिसली, तर उघडा."