एका स्ट्रोकने हरायचं

अबू धाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या दाताच्या दवाखान्यात लतिका नंबरची वाट बघत बसली होती. शेजारी एक बाप आणि त्याची दहा वर्षांची मुलगी टॅबवर गोल्फचा गेम खेळत होते. लतिकाची नजर मोबाइलवर होती, पण कान तिकडेच होते.

"मिहिका, बॉल होलच्या अगदी जवळ थांबवायचा कसा, ते शिकव."

"बट बाबा, यू हॅव टू पुट इट इन."

"आत नको. गुरुवारी ऑफिसात बॉसबरोबर हाच गेम खेळायचाय. मला एका स्ट्रोकने हरायचंय."

"सिद्धांत अंकल ऑल्सो लूझेस."

"तो दहाने हरतो. मुद्दाम हरतोय हे बॉसला लगेच कळतं. म्हणून तर तीन वर्षं त्याच खुर्चीत आहे. यल्ला, चल, दाखव."

"ओके. प्रेस सॉफ्टली."

"असं?"

"बाबा, होल इन वन! जस्ट वन स्ट्रोक! ईव्हन आय नेव्हर गॉट दॅट."

"हळू बोल. हे कुणाला सांगायचं नाही."

"नॉट ईव्हन आई?"

बापाने टॅब जवळ ओढून स्क्रीनवरचा स्कोअर पाहिला.

"आईला सांग," तो म्हणाला. "आणि हा स्कोअर स्क्रीनवरून जायच्या आत एक फोटो काढून ठेव."