मलम घेणारा माणूस

— नाही रे, तू काही सांगू नकोस, मीच सांगतो, फक्त ते शिलाईचं मशीन थांबव जरा, त्या खडखडाटात माझंच मला ऐकू येत नाही. हां. आणि इथे बस, उजेडात. तर सरांनी माझ्या तिन्ही कल्पना वर्गासमोर उडवून लावल्या. पहिली, रस्त्यात पडलेला एकच बूट — सर म्हणाले, तो दरवर्षी कुणाला ना कुणाला सापडतोच. दुसरी, रिकाम्या खुर्चीशी बोलणारा म्हातारा — म्हणाले, खुर्चीसुद्धा कंटाळली असेल आता. तिसरी तर ऐकलीच नाही. म्हणाले, शॉर्टफिल्म करायचीय ना, मग ज्या खोलीत फक्त तूच शिरू शकतोस तिथे कॅमेरा ने. आता माझ्याकडे अशी खोली कुठली? आपली. आणि तिथे कोण असतं? तू! काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय.

तू आरशासमोर उभा राहून रोज घोकतोस ना — ‘मला तुमच्याशी बोलायचंय’ — ते दाखवलं सरांना. क... क... काय? ‘कधी काढलंस’ म्हणायचंय? अरे, महिना झाला, कपाटावर मोबाईल ठेवून. चिडू नकोस, इतकं सुंदर आलंय! ‘मला’ म्हणतोस आणि ‘तु’वर अडतोस, मान ताणतोस, गळ्यातली टेप मुठीत आवळतोस — चांगला कसलेला नट आणला तरी त्याला जमायचं नाही. वर्गात पोरं हसली, खोटं कशाला बोलू, पोट धरधरून हसली. पण सर नाही हसले. म्हणाले, माणसाला काय हवंय आणि त्याला आडवं काय येतंय, दोन्ही एकाच चेहऱ्यावर आहे. शाबास म्हणाले. मला, दादा! आजवर त्या माणसाला माझं नावसुद्धा धड आठवत नव्हतं.

मग कल्पना फुलवायची. म्हणजे काय करायचं? तुझ्या पाठी पाठी फिरायचं. त्या औषधांच्या दुकानापर्यंत, तिथे बसणाऱ्या तिच्या काउंटरपर्यंत. तुझा बटणांखालचा खण उघडला तर काय — मलमाच्या ट्यूबा! घरात कुणाला साधं खरचटलेलं नाही आणि हा ढीग. मग डोक्यात प्रकाश पडला — ‘म’ अडत नाही तुला. तिच्यासमोर गेलास की तोंडातून जे सुटतं तेच मागतोस, पैसे देतोस, घरी येतोस. काय पात्र आहे!

पण शेवट कुठाय? शेवटाशिवाय फिल्म कसली. वाट बघितली नाही का मी? बघितली. शुक्रवारी जमा करायचीय आणि तुझं घोडं ‘तु’वरच अडलेलं. मग गेलो मीच, मोबाईल तिच्या हातात दिला, म्हटलं, ताई, बघा. बघितलं तिने. पुन्हा बघितलं. हसली? छे रे, डोळे पुसले. म्हणाली, त्यांना मलम नको असतं हे मला कधीच कळलंय, म्हणून तर ते मी दुकानात संपू देत नाही. म्हणाली, सांगा त्यांना, कितीही वेळ लागू दे, मी थांबेन. आता झाली ना पंचाईत! हा काय शेवट झाला? लग्नाच्या व्हिडिओत शोभेल. सरांसमोर हे नेलं की पुन्हा आपला बूट नि खुर्ची.

तेवढ्यात तिनेच विचारलं, हे काढलेलं त्यांना ठाऊक आहे? आता मी काय सांगणार, चोरून काढलं? म्हटलं, ठाऊक म्हणजे, दादाचीच कल्पना. वर्गात दाखवली, तुमचं दुकानही दाखवलं, सगळे हसले, दादाही हसला — बस्स, एवढंच म्हणालो. आणि चेहरा असा उतरला तिचा, दादा, असा उतरला — आणि मोबाईल तिच्याच हातात, टिपायचा राहून गेला! तेवढी एक हळहळ राहिली. म्हणाली, त्यांना सांगा, पुन्हा माझ्या दुकानाची पायरी चढू नका.

म्हणून तर आत्ता सांगतोय तुला. आधी सांगितलं असतं तर सावध झाला असतास, सावध चेहरा लगेच कळतो. हो, चालू आहे कॅमेरा — त्या दोऱ्याच्या रिळांच्या डब्यामागे. नको, तिकडे बघू नकोस! माझ्याकडे बघ. हां, असाच. काय? तु... तू? तू काय? बोल ना, घे वेळ — नको, राहू दे, बोललास तर बिघडेल. मिळाला मला शेवट.

कुठे निघालास? तिच्याकडे? जा की, कोण अडवतंय. पण सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल हं तुला, आणि आता ती थांबायची नाही.