उजेडासाठी एक चेहरा

(सकाळ. प्रसाधनांच्या मोठ्या दुकानाची दर्शनी काच आतून खाकी कागदानं झाकली आहे. कागद आणि मागची फळी यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत काउंटरवरची बाई उंच स्टुलावर बसली आहे. काचेची सजावट करणारा मास्तर शिडीवर उभा राहून दिवे फिरवतो आहे. दुकान उघडायला अजून अवकाश आहे.)

बाई : अहो मास्तर, मान अवघडली माझी. हनुवटी वर म्हणालात, ती केव्हाची वरच आहे.

मास्तर : जरा थांबा. डावीकडचा दिवा अजून बसत नाही.

बाई : तुम्ही आणि तुमचा तो डावीकडचा दिवा. दर मोसमाला नमनालाच घडाभर तेल.

मास्तर : बोलू नका. ओठ हलले की रंग कळत नाही.

बाई : ओठांना रंग आहे कुठे? यंदा लिपस्टिक कडेनं पुसून टाकायची, असं वरून आलंय. म्हणजे बाईनं लावली खरी, पण लावल्यावर तिला आठवलं की लावायची नव्हती, असं दिसलं पाहिजे.

मास्तर : आणि गाल?

बाई : गालांचं विचारूच नका. लाली पार डोळ्यांखालपर्यंत चढवायची. सकाळी आरशात बघितलं तर वाटलं, कुणीतरी दोन्हीकडून ठेवून दिल्यात.

मास्तर : डोळ्यांवर जांभळा लावलाय ना? इथून तपकिरी दिसतोय.

बाई : जांभळा कसला, जांभळ्यात राख कालवलीय. पॅलेटमध्ये त्याचं नाव काय आहे माहितीये? 'सरती सायंकाळ'. त्याच्या शेजारी 'ओली वाट'. तिला मी नुसतं चिखल म्हणते, पण गिऱ्हाइकासमोर नाही. झाकण सोन्याचं, आत आरसा, हातात घ्यावं तर वीट. किंमत सांगितली की बरोबर आलेले नवरे पाणी मागतात. आणि उघडून बघावं तर माती, राख, गंज आणि कोपऱ्यात तो एक बर्फासारखा निळा. माझ्या मावशीनं तिच्या कॉलेजात असताना तो निळा लावला होता, तर आजोबांनी तिला भरल्या ताटावरून उठवलं होतं. आता तोच परत आलाय. आणि मी सांगणार, घ्या ताई, यंदाचा अगदी नवा रंग आहे.

मास्तर : निळा तुम्हाला बरा दिसतो.

बाई : मी आज निळा लावलेलाच नाही.

मास्तर : पूर्वी लावला होता. तुम्ही नवीन आला होतात तेव्हा. फिकट होता, यात जरा चांदी जास्त आहे.

बाई : तेव्हाचं लक्षात आहे तुमच्या?

मास्तर : रंग लक्षात राहतात. धंदाच तो आहे.

बाई : बरं. मग त्याच्या पुढच्या वर्षी काय होतं?

मास्तर : वाइनचे रंग. ओठ इतके गडद, की मला वरचा दिवा बदलावा लागला. मग एकदा सगळंच केशरी आलं. मग ते तांब्याचं वर्ष. तेव्हा तुमच्या लेकीचं लग्न होतं.

बाई : त्या तांब्यानं वैताग दिला. उशीसुद्धा चमकायची.

मास्तर : नंतर विटकरी. त्या वेळी तुम्हाला सर्दी होती. नाक लाल, डोळ्यांतून पाणी, आणि वर ते विटकरी. सगळं दुकान म्हणालं, आज बाई काय दिसतायत.

बाई : खरंच की. त्या दिवशी चार पॅलेट मी शिंकत शिंकत विकली. अहो, इतकी वर्षं कंपनीनं पाठवलं ते तोंडाला फासलं. मला काय आवडतं हे कुणी विचारलं नाही, आणि आता विचारलं तर मलाही सांगता येणार नाही. तुम्ही सांगा. यातलं मला काय शोभलं?

मास्तर : हनुवटी खाली आली.

बाई : आली तर आली. सांगा ना.

मास्तर : सगळंच बरं होतं.

बाई : झालं. माणूस काही बोलेल म्हणून कान टवकारावेत, तर हे पुन्हा दिव्यात डोकं घालून बसले. मास्तर, दहाला साहेब येतील.

मास्तर : माहितीये.

बाई : कंपनीच्या दुसऱ्या गावच्या दुकानातल्या जागेचं त्यांना आज हो किंवा नाही सांगायचंय. आज सांगितलं नाही तर ती जागा दुसरीला देणार आहेत.

मास्तर : चांगली जागा आहे म्हणतात. नवीन मुलींना शिकवायचं. दिवसभर उभं राहायला नको.

बाई : आणि लेक त्याच गावात आहे. तिला दिवस गेलेत, जावई बोटीवर, सहा-सहा महिने पत्ता नसतो. रोज फोन करते, आई, आता किती दिवस त्या काउंटरवर पाय झिजवणार, ये निघून. सगळं कसं जमून आलंय बघा.

मास्तर : मग झालं तर.

बाई : काय झालं? मी विचारतेय, साहेबांना काय सांगू?

मास्तर : ते मी कसं सांगणार? तुमचं तुम्ही ठरवायचं.

बाई : बसा तोंडात मिठाची गुळणी धरून. बोलणाऱ्याच्या एरंड्या विकतात, न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत, असं आमची आई म्हणायची. तिनं तुम्हाला बघितलं असतं तर दुसरी म्हण शोधली असती.

मास्तर : उजवीकडे बघा जरा. अजून. हां.

बाई : गेल्या आठवड्यात मी ते दुकान बघायला गेले होते, माहितीये ना?

मास्तर : लेकीकडे गेला होतात ना?

बाई : लेकीकडे गेले आणि दुकानही बघून आले. मोठं आहे. काच तर आपल्या दुप्पट. मी गेले तेव्हा काचेची सजावट चाललेली. एक पोरगेलासा माणूस होता, कानात गाणी लावून. दिवे लावायला त्याला किती वेळ लागला असेल?

मास्तर : काच मोठी म्हणजे लागला असेल अर्धा दिवस.

बाई : मी एक चहा प्यायले, तेवढ्यात त्याचं झालं. मी म्हटलं, अरे, चेहरा कुणाचा घेतलास? डबीतला रंग आणि कातडीवरचा रंग एकसारखा दिसायला पाहिजे, त्याला जिवंत माणूस बसवायला लागतं ना? तो माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मी बैलगाडीतून उतरले. म्हणाला, काकू, एकदाच बसवायचं. मग दिव्याच्या पायाशी जमिनीवर चिकटपट्टीची खूण करायची, दांड्यावर रेघ मारायची. पुढच्या मोसमाला दिवा खुणेवर आणला की काम संपलं. म्हणाला, सगळेच असं करतात.

मास्तर : करतात काही जण.

बाई : काही जण नाही. सगळे, म्हणाला.

मास्तर : हल्लीची मुलं घाई करतात.

बाई : मास्तर, मी आज तुमच्या आधी आले. ही जमीन बघितली, एकेक दांडा बघितला. कुठेही खूण नाही. इतक्या वर्षांचे तुमचे हात, या गल्लीतल्या निम्म्या काचा तुम्ही सजवता. समोरच्या घड्याळवाल्याच्या काचेत पट्ट्या आहेत, त्याही बघून आले. मग इथेच का नाहीत?

मास्तर : पट्टीचा गोंद फरशीला धरतो. नंतर निघत नाही.

बाई : निघतो. इथे कोपऱ्यात निघाल्याचा डाग आहे. एका जागी तर एकावर एक, किती तरी. खूण तुम्ही करता, आणि नंतर काढून टाकता.

मास्तर : या दिव्याचा स्क्रू जरा सैल झालाय.

बाई : शिडीवरून उतरा आधी. पडाल तर माझ्या डोक्यावर पडाल.

मास्तर : उतरतो.

बाई : का काढता?

मास्तर : दिवे लावायचे असतात तेव्हा खूण लागते. सवयीनं करतो. मग संध्याकाळी आवरताना काढतो.

बाई : मी 'का' विचारलं.

मास्तर : खूण राहिली, तर तुम्हाला परत बसावं लागणार नाही.

बाई : म्हणून काढता?

मास्तर : वर्षातून दोन सकाळी. या कागदामागे. तेवढ्या वेळात तुमच्याकडे बघितलं तर कुणी काही म्हणत नाही. तुम्हीही म्हणत नाही. एरवी काउंटरजवळून जाताना मी सरळ जिन्याकडे बघत जातो.

बाई : तेही माहितीये मला. एकदा त्या नादात खुर्चीला धडकला होतात.

मास्तर : तुम्ही बघितलं होतं?

बाई : बघणार नाही तर काय? ती खुर्ची मीच मध्ये ठेवली होती, जरा थांबाल म्हणून. तुम्ही खुर्चीचीच माफी मागितलीत आणि गेलात.

मास्तर : मला वाटलं, तुम्ही हसलात.

बाई : हसलेच. हसू नको तर काय करू? माझे मिस्टर गेले तेव्हा लेक शाळेत होती. त्यानंतर मला कुणी बघतंय असं कधी वाटलंच नाही. गिऱ्हाइकं बघतात, पण ती पापण्या बघतात, गाल बघतात, की आपल्याला कसं दिसेल. आणि मग या स्टुलावर बसलं की तुम्ही. आदल्या दिवशी मी केस धुवायचे, मास्तर. दिव्यांसाठी केस कोण धुतं? इतकी वर्षं एक शब्द सुचला नाही तुम्हाला?

मास्तर : सुचला. बोललो असतो आणि तुम्ही नाही म्हणाला असता, तर पुढच्या मोसमाला स्टुलावर बसला नसता. हात दाखवून अवलक्षण कशाला, म्हटलं.

बाई : आणि आज?

मास्तर : आज काय, तुम्ही तशाही जाणार.

बाई : तसं नाही. मला ऐकायचंय. मी गेल्या आठवड्यापासून साहेबांना उद्या सांगते, उद्या सांगते करतेय ते कशासाठी?

मास्तर : जाऊ नका. असं वाटतं मला. रोज वाटतं. तुमची ती बातमी ऐकली त्या दिवशी घरी जाऊन भाकरी... नाही, जेवलोच नाही. दादा विचारत होता, काय झालं म्हणून.

बाई : दादा कसा आहे आता?

मास्तर : आहे तसाच. उजवी बाजू कामाचीच नाही. सकाळी त्याचं सगळं करून निघतो, संध्याकाळी जाऊन भरवतो. शेजारच्या वहिनी दुपारी बघून जातात. त्यानंच मला वाढवलं. त्याला सोडून मी कुठे येणार, आणि त्या घरात तुम्हाला तरी कुठल्या तोंडानं बोलवणार?

बाई : मी घाबरले असते, असं वाटतं तुम्हाला?

मास्तर : नाही. तुम्ही आला असता. म्हणूनच बोललो नाही.

बाई : लबाड आहात. इतकं सगळं मनाशी ठरवून मोकळे झालात, आणि मला विचारायचं तेवढं ठेवलंत.

मास्तर : चुकलं.

बाई : चुकलंच. मास्तर, लेक रात्री एकटी असते हो. परवा फोनवर रडली. पोट दुखलं आणि शेजारचं दार ठोठावायला लाज वाटली तिला. ती रडली नसती ना, तर आज मी साहेबांना तोंडावर नाही सांगितलं असतं, आणि संध्याकाळी तुमच्या दादांना भरवायला आले असते. तुम्ही नको म्हणाला असता तरी.

मास्तर : मला माहितीये. तुम्ही जा.

बाई : आता जा म्हणता.

मास्तर : लेक एकटी आहे. तुम्ही इथे राहिलात तर या स्टुलावर बसून तुम्ही तिचाच विचार करणार. मला तो चेहरा बघवणार नाही. जा तुम्ही.

बाई : मघाशी विचारलं त्याचं उत्तर राहिलं. सगळ्यांत कोणता शोभला?

मास्तर : विटकरी.

बाई : सर्दीच्या वेळचा?

मास्तर : त्या दिवशी तुम्ही सारखं नाक पुसत होतात, रंग सारखा हलत होता. दिवे लावायला दुपार झाली. माझी आजवरची सगळ्यांत मोठी सकाळ ती.

बाई : डोळ्यांत पाणी आणू नका. हा राखाडी जांभळा लगेच ओघळतो, आणि मला दहाला काउंटरवर उभं राहायचंय.

मास्तर : हा रुमाल घ्या. धुतलेला आहे.

बाई : शटरचा आवाज आला. साहेब आले वाटतं.

मास्तर : उतरा सांभाळून. इकडे वायर आहे. मी आज खुणा करून टाकतो. पक्क्या. म्हणजे पुढच्या मोसमाला कुणाला बसवायला नको. दुसऱ्या कुणाला या स्टुलावर बघणं मला जमायचं नाही.

बाई : करू नका.

मास्तर : मग दिवे कशावर लावू?

बाई : साहेबांना हो सांगताना मी एक अट घालणार आहे. वर्षातून दोनदा, नवा रंग आला की मला दोन दिवसांची सुट्टी.

मास्तर : इतक्या लांबून याल? नुसतं बसायला?

बाई : लांब कुठे, मास्तर. एका रात्रीचाच तर प्रवास आहे.