शशिकांतकाकांनी आणलेली किल्ली

(एप्रिल २०२०, अमेरिकेतलं श्रूजबरी. डॉक्टर पद्मिनी गॅरेजच्या दारात. शशिकांतकाका मास्क लावून ड्राइव्हवेच्या टोकाला.)

पद्मिनी : नको काका, ती किल्ली परत न्या. हॉस्पिटलकडून फुकट काही घ्यायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत मला.

शशिकांत : शिकवलं, मान्य. डॉक्टर रूल पाळतात की नाही, हे बघायचाच पगार देतात मला तिथे.

पद्मिनी : ते जॅकेट आठवतंय? तुमच्याच बॉसने हौसेने दिलेलं. तुम्ही पार्किंग लॉटमध्ये अंगातून काढायला लावलंत. भर बर्फात.

शशिकांत : महागाचं होतं ते. तुझी प्रॅक्टिस तुझी, पण पेशंट अ‍ॅडमिट करतेस आमच्याकडे. उद्या कोणी म्हणालं असतं, जॅकेटसाठी पाठवते.

पद्मिनी : आणि फुकट अपार्टमेंट दिलं तर काय म्हणतील?

शशिकांत : काही नाही म्हणणार. साथ आहे तोवर गव्हर्नमेंटने रूल सैल केलाय. कोविडचे पेशंट बघणाऱ्या डॉक्टरला आम्ही राहायला जागा देऊ शकतो. माझाही विश्वास बसेना. वाचलं, परत वाचलं, मग काकूला वाचायला लावलं.

पद्मिनी : काय म्हणाल्या काकू?

शशिकांत : म्हणाली, जन्मभर सगळ्यांना नाही म्हणालात. आता एकदा हो म्हणून बघा, जमतंय का.

पद्मिनी : दुसऱ्या कोणाला तरी द्या, काका. मी सोमवारपासून वॉर्डवर येणार नाहीये.

शशिकांत : का गं?

पद्मिनी : आईची फुप्फुसं किती कमजोर आहेत, तुम्हाला माहीत आहे. मी घरी आले की इथेच कपडे बदलते, इथेच कॉटवर झोपते. काल ती दार उघडून वरणभात घेऊन आली. किती ओरडले मी तिच्यावर. ताट पायरीवर ठेवून ती आत गेली. तेव्हाच ठरवलं. आई की पेशंट, तर आई.

शशिकांत : बरोबर ठरवलंस. मीही तेच केलं असतं. पण तुला असं निवडावं लागू नये, म्हणून तर आलोय.

पद्मिनी : आणि उद्या चौकशी झाली तर?

शशिकांत : मला विचारतील. का दिली, कशासाठी दिली, सगळं लिहून खाली सही केली आहे मी. आणि पेशंट कुठे पाठवायचे ते तूच ठरव. हवं तर दुसऱ्या हॉस्पिटलला पाठव, किल्ली कोणी मागणार नाही.

पद्मिनी : आई एकटी पडेल हो.

शशिकांत : काकू रोज येऊन खिडकीबाहेर खुर्ची टाकेल. तिला ऐकणारं माणूस हवंच आहे, घरात मी ऐकत नाही.

पद्मिनी : काकूंच्या गप्पा चालतात तुमच्या रूलमध्ये?

शशिकांत : तिला कुठलाच रूल लागू होत नाही. मी प्रयत्न करून पाहिलाय.

पद्मिनी : (हसून) बरं. ठेवा मेलबॉक्सवर. तुम्ही मागे सरका, मग मी घेते.

शशिकांत : ठेवली. पण एक लक्षात ठेव, साथ संपली की सूट संपली. त्या दिवशी किल्ली मागायला मी सकाळीच दारात हजर.

पद्मिनी : लवकर या, काका. त्या दिवशी मी आत, आईच्या शेजारी बसून जेवेन.